टोमॅटो तोडणाऱ्यांची मजुरी

संत याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात शेतमजुरांच्या अडवून ठेवलेल्या मजुरीचा विषय आहे. तो जुना झालेला नाही.

अमेरिकेत फ्लोरिडा राज्यातील इमोकली येथे मेक्सिको, ग्वाटेमाला, हैती येथून आलेले मजूर टोमॅटो तोडतात. ३२ पौंडांची, म्हणजे साडेचौदा किलोंची बादली भरली की ५० सेंटच्या आसपास मिळत. २००७ साली काही मजूर ट्रकच्या छतातून निसटले. मुकादमांनी त्यांना आत कोंडले होते! २००८ मध्ये दोघा मुकादमांना १२ वर्षांची कैद झाली.

मजुरांचे मागणे पौंडामागे एक सेंट जादा, एवढेच. तेही स्वस्त टोमॅटो घेणाऱ्या बड्या कंपन्यांकडे, कारण भाव त्याच पाडतात. टाको बेल या उपाहारगृहांच्या कंपनीने ते मान्य केले २००५ मध्ये, चार वर्षांच्या बहिष्कारानंतर.