‘जुना’ झालेला संगणक आणि मोबाइलवर आलेली बातमी



परवा शाळा सुटताना सातवीतल्या एका मुलीचे वडील गेटवर थांबले होते. मोबाइल माझ्यापुढे धरून म्हणाले, “सर, विंडोज टेन बंद झालं म्हणे. मग आपल्या लॅबमधले कॉम्प्युटर आता भंगारात जाणार का? गावाने वर्गणी काढून घेतलेत ते!”

त्यांचा प्रश्न काळजीतून आला होता. आणि खरं सांगायचं तर त्याच प्रश्नाने माझीही झोप उडवली होती. आजचा पाठ त्याच प्रश्नावर आहे. तंत्रज्ञानाच्या बातम्या आपण सगळेच वाचतो, स्टाफरूममध्ये चहा पिताना त्यावर मतंही ठोकून देतो. त्यात काही बिघडत नाही. पण बातमी वाचून शाळेचे किंवा घरचे पैसे खर्च करायची वेळ येते, तेव्हा ती बातमी धड्यासारखी, ओळीवर बोट ठेवून वाचावी लागते.

आधी माझी चूक सांगतो

८ एप्रिल २०१४ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीचा सपोर्ट थांबवला. तेव्हा मी दुसऱ्या शाळेत होतो आणि संगणक कक्ष माझ्याकडे होता. एका दुकानदाराने सांगितलं, आता हे चालवलंत तर व्हायरस येणार, नवीन घ्या. मीही मुख्याध्यापकांना तसंच जाऊन सांगितलं. आठ संगणक कोपऱ्यात रचले, वर स्नेहसंमेलनाचं जुनं बॅनर झाकलं. नवीन घ्यायला पैसे कुठे होते? कक्षाला कुलूप लागलं ते दोन वर्षं. सातवीची एक अख्खी तुकडी माऊसला हात न लावता शाळेबाहेर पडली.

चित्र काढणं, टायपिंग, पाढ्यांचे खेळ हे सगळं त्या आठ संगणकांवर इंटरनेट न जोडता सहज चाललं असतं. इतकी साधी गोष्ट मला सुचली नाही आणि मी कुणाला विचारलंही नाही. म्हणून या खेपेला ठरवलं, आधी नीट वाचायचं, मग बोलायचं.

‘बंद झालं’ म्हणजे नेमकं काय झालं?

विंडोज १० आलं २९ जुलै २०१५ रोजी. त्याचा मोफत सपोर्ट संपला १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. सपोर्ट संपला म्हणून संगणक त्या रात्री बंद पडला का? नाही. बटण दाबा, चालू होतो. फाइली उघडतात, ब्राउझर चालतो. थांबलं ते एवढंच की कंपनी दर महिन्याला ज्या सुरक्षा-दुरुस्त्या मोफत पाठवायची, त्या यायच्या थांबल्या.

मुलांना मी घराचं उदाहरण देतो. दर महिन्याला एक गवंडी येऊन भिंतीतल्या भेगा बुजवून जायचा. आता तो येणार नाही. घर उभंच आहे, छप्पर गळत नाही. पण उद्या नवी भेग पडली तर ती तशीच राहणार, आणि गवंडी येत नाही हे चोरालाही ठाऊक आहे.

मग तुम्ही म्हणाल, विंडोज ११ टाकून घ्या की! अडचण तिथेच आहे. विंडोज ११ आलं ५ ऑक्टोबर २०२१ रोजी आणि येताना अटी घेऊन आलं. किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण हवी, इथवर ठीक. पण त्याबरोबर टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय हवी. कुलपांच्या किल्ल्या जशा वेगळ्या तिजोरीत ठेवाव्यात, तशा संगणकाच्या गुप्त किल्ल्या सांभाळणारी ही सोय आहे. शिवाय प्रोसेसर कंपनीच्या यादीतला हवा. इंटेलचा असेल तर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा पुढचा, आणि ही आठवी पिढी बाजारात आली २०१७ मध्ये. म्हणजे २०१६ साली घेतलेला, आजही व्यवस्थित चालणारा संगणक या परीक्षेत नापास.

माझं मत विचाराल तर ही अट मला अर्धीच पटते. टीपीएमचा उपयोग खरा आहे, त्याबद्दल वाद नाही. पण पोराटोरांच्या टायपिंगला आणि चित्रकलेला तिजोरी कशाला? आणि आणखी एक गंमत. २०१५ मध्ये कंपनीच्याच एका परिषदेत तिथल्या एका कर्मचाऱ्याने विंडोज १० ही विंडोजची शेवटची आवृत्ती असल्याचं सांगितलं होतं. जगभर त्याची बातमी झाली. सहा वर्षांत ११ दारात उभं! कंपन्यांच्या ‘शेवटचं’ आणि ‘कायमचं’ या शब्दांवर शाळेचं अंदाजपत्रक बेतू नये, हा त्यातला धडा.

भीती खरी किती?

भीती अगदीच खोटी नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या व्हायरसने जगभर धुमाकूळ घातला. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतल्या रुग्णालयांचे संगणक अडकले, रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द कराव्या लागल्या. पण त्यातली एक गोष्ट लक्षात घ्या. ज्या भेगेतून हा व्हायरस शिरला, ती बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्च २०१७ मध्येच दिली होती. अडकलेल्या संगणकांत सर्वाधिक विंडोज ७ चे होते आणि विंडोज ७ चा सपोर्ट तेव्हा चालू होता! गवंडी दारात येऊन उभा होता, लोकांनी दारच उघडलं नव्हतं.

हे वाचल्यावर मी आमच्या लॅबमध्ये जाऊन पाहिलं. अकरापैकी सात संगणकांवर वर्षभरात एकही अपडेट घेतलेलं नव्हतं. सपोर्ट संपला म्हणून आपण घाबरलो, आणि सपोर्ट होता तेव्हा आपण काय केलं? उत्तर देताना मला माझीच लाज वाटली.

हातात असलेले चार मार्ग

पहिला मार्ग मुदतवाढीचा. बातम्यांच्या मथळ्यांत हा सहसा सापडत नाही. घरगुती वापरासाठी कंपनीने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत एका वर्षाची वाढीव सुरक्षा जाहीर केली. त्यासाठी ३० डॉलर भरायचे, किंवा मायक्रोसॉफ्टच्या खात्याशी संगणकाच्या सेटिंग जोडल्या तर पैसे न देता. शैक्षणिक संस्थांसाठी शैक्षणिक परवान्यातून तीन वर्षांची सोय ठेवली. दर संगणकामागे पहिल्या वर्षी १ डॉलर, दुसऱ्या वर्षी २ आणि तिसऱ्या वर्षी ४. नव्या संगणकाच्या कोटेशनशेजारी हा आकडा ठेवून बघा.

दुसरा मार्ग इंटरनेट काढून वापरण्याचा. जो संगणक नेटला जोडलेलाच नाही, त्याचा धोका बराच कमी होतो. मात्र पेनड्राइव्हवर लक्ष ठेवावं लागतं, कारण व्हायरस त्यातूनही येतो.

तिसरा मार्ग लिनक्सचा. ही मोफत मिळणारी, मुक्त प्रणाली आहे. लिनक्स मिंटची हलकी आवृत्ती ४ जीबी रॅमवरही नीट चालते. कुणी म्हणेल, हे आपल्याला झेपणारं नाही. केरळकडे बघा. तिथे २००१ मध्ये आयटी अ‍ॅट स्कूल हा सरकारी प्रकल्प सुरू झाला, २०१७ मध्ये त्याचं ‘काइट’ या संस्थेत रूपांतर झालं. तिथल्या सरकारी शाळांतली मुलं वर्षानुवर्षं लिनक्सवर शिकताहेत, शिक्षकांना त्याचं प्रशिक्षण मिळतं. तिथलेही मास्तर आपल्यासारखेच आहेत.

चौथा मार्ग नवीन खरेदीचा. जिथे खरंच गरज आहे, तिथे करावी. फक्त बाजाराची हवा पाहून करावी. एआयच्या डेटासेंटरांना मेमरी प्रचंड लागते. २०२५ च्या अखेरीस त्या मागणीमुळे रॅमचे भाव चढले. मेमरी बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांपैकी एक असलेल्या मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये, सामान्य ग्राहकांना माल विकणारा आपला क्रुशल हा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. कुठल्या तरी दूरच्या डेटासेंटरची बातमी आपल्या लॅबच्या बिलात अशी येऊन बसते.

आमच्या लॅबमध्ये काय केलं

एका शनिवारी आम्ही दोघं शिक्षक आणि आठवीची चार मुलं बसलो. प्रत्येक संगणकावर मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक हे मोफत साधन चालवलं आणि वहीत यादी केली. अकरापैकी चार विंडोज ११ ला पात्र ठरले, त्यांवर ते टाकलं. पाच अपात्र पण धडधाकट होते. त्यांची जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी बसवली आणि लिनक्स टाकलं. आधी चालू व्हायला दोन-तीन मिनिटं घेणारी यंत्रं आता मुलं रांग लावून बसेपर्यंत तयार असतात. एका संगणकावर विंडोज १० तसंच ठेवलं, कारण जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फाँटमधली कितीतरी पत्रं त्यावरच नीट उघडतात. त्याची नेटची वायर मात्र काढली. अकराव्याचा मदरबोर्डच गेला होता. डेडस्टॉक रजिस्टरला निर्लेखनाची नोंद करून तो नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे द्यायचं ठरलं. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, तेव्हा संगणक सायकलवरच्या भंगारवाल्याला देऊ नका.

सगळं सुरळीत झालं असं मात्र समजू नका. लिनक्सवर आमचा जुना प्रिंटर अजून रुसलेला आहे. वर्डमधले तक्ते लिब्रेऑफिसमध्ये उघडले की कधीकधी सरकतात. पहिले आठ दिवस कुरकुर केली ती आम्ही शिक्षकांनी. मुलांना एक तास पुरला. इन्स्क्रिप्ट कीबोर्ड तोच, जिओजेब्रा तेच, लहान मुलांसाठी जीकाँप्रीचे खेळ मोफत. तिसरीतली एक मुलगी तर म्हणाली, “सर, हा नवीन कॉम्प्युटर छान आहे.” संगणक तिच्या जन्माआधीचा!

पालकांसाठी दोन शब्द

दुकानात सध्या ‘एआय पीसी’चा गजर आहे. मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने कोपायलट प्लस पीसी हा प्रकार आणला. त्यात एआयसाठी वेगळा प्रोसेसर, किमान १६ जीबी रॅम आणि २५६ जीबी साठवण लागते. यंत्र वाईट नाही. पण आठवीतल्या मुलाला प्रकल्प लिहायला, प्रोग्रॅमिंगची सुरुवात करायला आणि व्हिडिओ पाहायला त्या वेगळ्या प्रोसेसरची गरज नाही. एआयची बहुतेक साधनं ब्राउझरमधून चालतात, ती साध्या संगणकावरही उघडतात. हप्ते काढून घेण्याआधी घरातल्या जुन्या लॅपटॉपला एसएसडी बसवता येते का, हे आधी विचारा.

वर्गात करून पाहा

सातवी ते नववीसाठी एका तासिकेचा उपक्रम. तंत्रज्ञानाची कुठलीही एक बातमी फळ्यावर लिहा. मुलांनी तीन रंगांनी वाक्यं रंगवायची. घडलेली गोष्ट हिरव्याने, कुणाचं तरी मत निळ्याने, विकण्यासाठी लिहिलेलं लाल रंगाने. आमच्या वर्गात एका बातमीत हिरवं वाक्य एकच निघालं, तारखेचं! त्यानंतर चार प्रश्न विचारायचे.

१. नेमकं काय थांबलं आणि काय अजून चालू आहे?
२. ही तारीख आणि ही किंमत कुणासाठी आहे? घरासाठी, कंपनीसाठी की शाळेसाठी?
३. हे सांगणाऱ्याला आपल्याला काही विकायचं आहे का?
४. माझं काम कोणतं, आणि ते आज अडलं आहे का?

चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. २०१४ मध्ये मी तो स्वतःला विचारला असता, तर त्या तुकडीची दोन वर्षं वाचली असती.

त्या वडिलांना मी पुढच्या शनिवारी लॅबमध्ये बोलावलं. त्यांनी मुलीच्या शेजारी बसून स्वतःचं नाव मराठीत टाइप केलं, दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा बरोबर आलं. जाताना म्हणाले, “म्हणजे वर्गणी वाया नाही गेली.”

तुमच्या शाळेत कुलूप लागलेला संगणक कक्ष असेल, तर या शनिवारी ते कुलूप काढा. वही घ्या आणि प्रत्येक यंत्रापुढे तीनच गोष्टी लिहा: चालू होतो का, रॅम किती, विंडोज ११ ला पात्र आहे का. नवीन संगणकाचं कोटेशन मागवायचंच असेल, तर ही यादी पूर्ण झाल्यावर मागवा.