तोलाची किंमत आणि मोलाची किंमत
(जुन्या, हातघडणीच्या सायकल फ्रेमचे मूल्यांकन व दुरुस्ती)

रायपूरच्या जुन्या वस्तीत, मालवीय रोड आणि सदर बाजार यांच्या लगत वसलेला गोल बाजार ही छत्तीसगडातील एक जुनी व गजबजलेली पेठ. किराणा, भांडी, पूजासाहित्य, लग्नकार्याचे सामान अशा नाना वस्तूंची येथे उलाढाल होते. भांड्यांच्या कोणत्याही पेठेत एक रिवाज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. जुने पितळी पातेले दुकानदाराकडे नेले की तो ते काट्यावर ठेवतो, मोडीचा भाव लावतो आणि नव्या भांड्याच्या किमतीतून तेवढी रक्कम वजा करतो. पातेले कोणी घडविले, किती वर्षे वापरले, त्याचा घाट कसा आहे, याचा हिशेब काट्यात येत नाही. ‘मोडीत काढणे’ हा मराठी वाक्प्रचार याच व्यवहारातून आला आहे.

गळक्या पातेल्यासाठी हा व्यवहार योग्यच होय. परंतु काही वस्तूंच्या बाबतीत तोलाची किंमत आणि मोलाची किंमत एकमेकींच्या नेमक्या उलट दिशेने जातात. जुन्या सायकलीची हातघडणीची फ्रेम ही त्यांपैकी एक. कसबी कारागिराने उत्तम पोलादाच्या पातळ नळ्यांतून घडविलेली फ्रेम जेमतेम दोन किलो भरते, तर दूधवाल्याची किंवा पोस्टमनची म्हणून ओळखली जाणारी संपूर्ण सायकल वीस किलोंच्या घरात जाते. साहजिकच काट्यावर उत्तम फ्रेमला सर्वांत कमी पैसे मिळतात. तिचे जे वैशिष्ट्य, तेच तिला भंगारात स्वस्त ठरविते.

नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगडात मराठी कुटुंबे स्थायिक होत गेली. १९५६ पर्यंत रायपूर आणि नागपूर ही दोन्ही शहरे एकाच प्रांतात होती व नागपूर ही त्याची राजधानी होती. नोकरी, शिक्षण, वकिली आणि रेल्वे यांमुळे या दोन शहरांत माणसांची व सामानाची सतत ये-जा राहिली. अशा जुन्या घरांच्या माळ्यावर किंवा जिन्याखाली आजोबांची सायकल आढळणे नवलाचे नाही. घराची वाटणी होते वा जुने घर पाडून नवी इमारत उभी राहते, तेव्हा तिचा प्रश्न पुढे येतो. कोणी ती भंगारात देण्यास सुचवितो, कोणी चकाचक रंगवून बैठकीच्या खोलीत ठेवण्यास. दोन्ही सल्ले चांगल्या हेतूने दिलेले असले, तरी दोहोंत मूल्य नष्ट होण्याचा संभव असतो. म्हणून आधी ओळख, मग मूल्य आणि शेवटी दुरुस्ती, हा क्रम पाळणे अगत्याचे आहे.

ओळख कशी पटवावी?

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. जुनी प्रत्येक सायकल हातघडणीची नसते. स्वातंत्र्यपूर्व काळात भारतात आलेल्या रॅले, हंबर, रज, बीएसए, हर्क्युलस, फिलिप्स या बहुतेक सायकली इंग्लंडमधील मोठ्या कारखान्यांत तयार झालेल्या होत्या. पुढे मद्रासला टीआय सायकल्स (१९४९), सोनीपतला अ‍ॅटलास (१९५१), आसनसोलला सेन-रॅले आणि लुधियान्याला हीरो (१९५६) असे भारतीय कारखाने उभे राहिले. त्यामुळे फ्रेमवर ‘रॅले’ हे नाव असले, तरी ती नॉटिंगहॅमची की आसनसोलची हे पाहावे लागते. नॉटिंगहॅममधील सायकल उत्पादन २००२ साली थांबले. पुढच्या चिमट्याला प्रत्येक बाजूस दोन-दोन नळ्या असतील तर ती हंबर असण्याची शक्यता मोठी. चेनच्या मोठ्या चक्रात पंजाची आकृती असेल तर ती रजची खूण होय. अशा कारखानी सायकलींनाही संग्राहकांत मान आहे, पण त्यांचे मोल वेगळ्या निकषांवर ठरते.

हातघडणीची फ्रेम म्हणजे एखाद्या लहान कार्यशाळेत, बहुधा स्वाराच्या मापाप्रमाणे, एकेक करून बनविलेली. इंग्लंडमध्ये हेचिन्स, क्लॉड बटलर आदी नावे या कामासाठी प्रसिद्ध झाली. अशा फ्रेममध्ये नळ्यांचे सांधे ‘लग’ नावाच्या पोलादी टोप्यांत बसविलेले असतात. कारागीर लगच्या कडा कानशीने घासून पातळ व डौलदार करतो. या कडा सर्वत्र एकसारख्या, तीक्ष्ण आणि स्वच्छ असतील, तर फ्रेमवर हाताचे काम झाले आहे असे समजावे.

दुसरा पुरावा नळीच्या पोलादाचा. इंग्लंडच्या रेनॉल्ड्स कंपनीने १९३५ साली ‘५३१’ या नावाचे मँगनीज व मॉलिब्डेनमयुक्त पोलाद बाजारात आणले. त्यापूर्वीच, १८९७ साली, टोकांशी जाड आणि मध्ये पातळ अशा नळ्यांचे पेटंट त्या घराण्याने घेतले होते. सांध्यापाशी ताण अधिक म्हणून तेथे जाडी अधिक. मध्ये ताण कमी म्हणून तेथे धातू कमी. उत्तम फ्रेममध्ये टोकांशी ०.८ ते ०.९ मि.मी. आणि मध्यभागी ०.५ ते ०.६ मि.मी. इतकीच जाडी आढळते.

स्टिकर निघून गेला असला, तरी साध्या वजाबाकीने अंदाज बांधता येतो. सीटच्या नळीचा बाहेरील व्यास बहुधा २८.६ मि.मी. असतो. तिच्यात नीट बसणारा सीटचा दांडा २७.२ मि.मी. जाडीचा असेल, तर दोहोंतील फरक १.४ मि.मी., म्हणजे नळीची भिंत प्रत्येक बाजूस फार तर ०.७ मि.मी. उरते. ही उंची नळी होय. दांडा २५.४ मि.मी.चा असेल, तर भिंत सुमारे १.६ मि.मी.ची, म्हणजे साध्या पोलादाची. अर्थात, मधल्या काळात कोणी चुकीचा दांडा ठोकून बसविलेला असू शकतो. म्हणून या एकाच मापावर निष्कर्ष काढू नये.

वय ठरविण्यासाठी पायडलच्या आसाखालील भागावर किंवा सीटच्या सांध्यावर ठोकलेला क्रमांक पाहावा. मागच्या चाकात स्टर्मी-आर्चर कंपनीचा तीन गियरचा हब असेल, तर त्याच्या कवचावर अनेकदा वर्ष व महिना कोरलेला असतो. मात्र तो हबचा जन्मकाळ असतो. चाक बदलले गेले असल्यास फ्रेमचे वय निराळे निघेल. मागच्या चाकाच्या जागेची रुंदी १२० मि.मी. असल्यास फ्रेम साधारणतः मागे पाच चक्रे असण्याच्या काळातील, १२६ मि.मी. असल्यास त्यानंतरची समजली जाते. अनेक पुरावे एकाच दिशेने बोट दाखवू लागले, म्हणजे ओळख पटली असे म्हणता येईल.

मूल्य किती प्रकारचे?

बँकेच्या व्यवहारात एकाच मालमत्तेचे पुस्तकी मूल्य, बाजारमूल्य आणि विम्याचे मूल्य वेगवेगळे असते, हे ग्राहकांना परिचित आहे. फ्रेमचेही तसेच. पहिले, मोडीचे मूल्य. दुसरे, वापराचे : ती चालविण्यायोग्य आहे का, आणि तिचे माप कोणाला बसते. तिसरे, संग्राहकाचे मूल्य : निर्माता, दुर्मिळता, मूळ रंग, मूळ सुटे भाग आणि सांगाड्याची अवस्था यांवर ते अवलंबून असते. चौथे, कुटुंबाचे मूल्य, जे बाजारात मोजता येत नाही, पण निर्णय घेताना बहुधा तेच निर्णायक ठरते.

संग्राहकाचे मूल्य शोधताना विक्रेत्याने मागितलेली किंमत प्रमाण मानू नये. प्रत्यक्ष झालेल्या विक्रीत जी किंमत मिळाली तीच खरी. शिवाय, अनेक जुन्या सायकली एकत्र पाहिल्याशिवाय तुलनेची दृष्टी येत नाही. त्यासाठी पुण्याच्या कर्वेनगर भागात विक्रम पेंडसे यांनी २०१७ साली सुरू केलेल्या सायकल संग्रहालयासारखे उपक्रम उपयोगी पडतात. जुनी घंटी, दिवा, पंप, चामडी सीट, खरेदीची पावती किंवा नगरपालिकेच्या सायकल-कराचा बिल्ला हाती लागल्यास तो सायकलीपासून वेगळा करू नये. सोन्याच्या दागिन्याला पावतीने जशी विश्वासार्हता येते, तशीच या कागदांनी फ्रेमला येते.

दुरुस्तीपूर्वी एक हिशेब मांडावा. समजा, आहे त्या स्थितीत फ्रेमला ८,००० रुपये मिळतात, दुरुस्तीस १२,००० रुपये लागतात आणि नंतर १५,००० रुपये मिळण्याची शक्यता आहे. एकूण गुंतवणूक २०,००० रुपयांची, म्हणजे ५,००० रुपयांचा तोटा. विक्री हाच हेतू असेल, तर फ्रेम केवळ स्वच्छ करून विकणे शहाणपणाचे. सायकल घरातच राहणार असेल, तर ते ५,००० रुपये हा तोटा न मानता स्मृतिजतनाचा खर्च समजावा. कोणता हिशेब आपण मांडत आहोत, हे मात्र आधी ठरलेले असावे.

दुरुस्तीचे पथ्य

काम सुरू करण्यापूर्वी सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. नंतर फ्रेम सरळ आहे की नाही ते तपासावे. त्यासाठी दोराही पुरतो. मागच्या चाकाच्या एका खाचेला दोरा बांधून तो हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेपर्यंत ताणावा आणि दोन्ही बाजूंना सीटच्या नळीपासून दोऱ्याचे अंतर मोजावे. एक-दोन मि.मी.चा फरक चालतो. त्याहून अधिक असल्यास फ्रेम वाकलेली आहे. पुढच्या सांध्यामागे, तिरप्या नळीच्या खालच्या अंगाला रंगावर सुरकुत्या किंवा फुगवटा दिसल्यास ती समोरून धडकल्याची खूण होय. अशी फ्रेम तज्ज्ञाने पाहिल्याशिवाय रस्त्यावर आणू नये. येथे प्रश्न किमतीचा नसून जिवाचा असतो.

पायडलचा आस काढताना विशेष सावधगिरी हवी. इंग्लिश पद्धतीच्या फ्रेममध्ये उजव्या बाजूच्या कपाला उलटे आटे असतात. बहुतेक इंग्लिश फ्रेमना इंचाला २४ आटे असतात, तर रॅलेच्या अनेक सायकलींना २६. बाहेरून सारखा दिसणारा नवा कप जबरदस्तीने बसविला, तर सत्तर वर्षे टिकलेले आटे पाच मिनिटांत नाहीसे होतात.

सांधा सुटला असेल तर विजेच्या आर्क वेल्डिंगला सक्त मनाई समजावी. त्याने पातळ नळी जळून भोक पडते. मूळ सांधा ब्रेझिंगचा, म्हणजे पितळेच्या डाकाचा असतो. पितळ सुमारे ९०० अंश सेल्सिअसला वितळते, पोलाद १,५०० अंशांच्या आसपास. त्यामुळे पोलाद न वितळता पितळ लग आणि नळी यांमधील बारीक फटीत आपोआप ओढले जाते. धातूवर काजळी धरू नये म्हणून टाकणखार वापरतात. भांड्यांच्या दुकानात जे पितळ किलोने तोलले जाते, तेच येथे काही ग्रॅमांत सबंध सायकल तोलून धरते. या सांध्याचा आणखी एक गुण असा की, तो पुन्हा तापवून खराब नळी काढता व नवी बसविता येते. म्हणूनच अशी फ्रेम पिढ्यान्‌पिढ्या दुरुस्त होऊ शकते. मात्र गॅसची ज्योत सांभाळून असे ब्रेझिंग करणारा अनुभवी कारागीर शोधून काढणे, हाच दुरुस्तीचा निम्मा भाग होय.

रंगाच्या बाबतीत संयम हाच उत्तम उपाय. मूळ रंग ओरखडलेला असला, तरी तो निर्मात्याच्या हाताचा पुरावा असतो आणि तो एकदा गेला की परत येत नाही. सौम्य साबणाच्या पाण्याने धुऊन, कोरडे करून मेण लावावे. गंजलेल्या क्रोमवर पाण्यात भिजविलेला अ‍ॅल्युमिनियमचा पातळ कागद हलक्या हाताने घासल्यास पुष्कळ गंज उतरतो. वाळूचा जोरदार मारा करून रंग उतरविल्यास अर्ध्या मिलिमीटरची नळी आणखी झिजते. संपूर्ण फ्रेमवर नव्याने क्रोम चढविताना आम्ल नळ्यांच्या आत अडकून राहण्याचा धोका असतो. ते आतून पोलाद खात राहते आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

गंजाचा खरा शत्रूही आतच असतो. पावसाचे पाणी सीटच्या नळीतून उतरून पायडलच्या आसाशी साचते. यावर जुना व स्वस्त उपाय म्हणजे उकळलेले जवसाचे तेल, ज्याला रंगकाम करणारे ‘बेलतेल’ म्हणतात. जवस हे छत्तीसगडाचे परिचित पीक आहे. थोडे तेल नळ्यांत ओतून, फ्रेम सर्व बाजूंना फिरवून, उरलेले निथळू द्यावे. काही दिवसांत आत पातळ संरक्षक थर तयार होतो. तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून ठेवू नयेत. त्या आपोआप पेट घेऊ शकतात. त्या उघड्यावर पसरून पूर्ण वाळवाव्यात व मगच टाकाव्यात.

नोंद आणि जतन

काम पूर्ण झाल्यावर क्रमांक, मापे, बदललेले भाग, खर्च आणि आधीची-नंतरची छायाचित्रे यांची एक वही करावी. काढलेले जुने भाग पिशवीत घालून त्याच वहीसोबत ठेवावेत. घरगुती विमा असल्यास अशा वस्तूची स्वतंत्र नोंद आवश्यक आहे का, याची चौकशी करावी. शंभर वर्षांहून जुनी ठरणारी वस्तू परदेशी पाठविण्याचा विचार असेल, तर १९७२ च्या पुरावशेष व कलानिधी कायद्याच्या तरतुदी लागू होतात का, हे पुरातत्त्व खात्याकडून आधी समजून घ्यावे.

मोडीत गेलेली फ्रेम परत मिळत नाही आणि खरवडलेला रंग परत येत नाही. इतर सर्व निर्णय मागाहून बदलता येतात. म्हणून ज्या घरात अशी सायकल असेल, तेथे पहिल्या दिवशी फक्त दोनच गोष्टी कराव्यात : ती पावसापासून दूर, कोरड्या जागी ठेवावी आणि तिच्यावरील क्रमांक कागदावर उतरवून घ्यावा. बाकीचे काम सवडीने झाले तरी चालेल.