गंजरोधक वंगणाची पारख
यंत्रशाळेतील हत्यारांसाठी एक सोपी कसोटी

धान्याच्या व्यापाऱ्यास नमुना पाहिल्यावाचून सौदा करवत नाही. पोत्यावरील छाप कितीही सुबक असला तरी पोत्याच्या कुशीतला दाणा तळहातावर घ्यावा, दाताखाली फोडून ओलावा पाहावा, किडका माल निवडावा आणि मगच भाव बोलावा, ही आपली पूर्वापार रीत. परंतु हाच व्यापारी आपल्या डाळमिलसाठी अथवा मुलाने काढलेल्या यंत्रशाळेसाठी गंज थांबविणारे तेल घेण्यास जातो, तेव्हा मात्र डब्यावरील मजकूर वाचून पैसे मोजतो. तेलाचाही नमुना पारखता येतो, आणि त्यास प्रयोगशाळा लागत नाही, एवढेच दाखविण्याचा या लेखाचा हेतू आहे.

हानी कोठे होते?

गंजाने होणारे नुकसान एकदम डोळ्यांत भरत नाही. कानशीचे दात बोथट होतात, आटे पाडण्याचे हत्यार कामात अडकून मोडते, व्हर्निअर कॅलिपरची सरकपट्टी जड होऊन माप चुकते. ऐन हंगामात मिल बंद पडावी आणि दुरुस्तीचा पानाच गंजून बसलेला असावा, म्हणजे दिवसाचे उत्पन्न बुडाले. अनेक कारागीर आपली हत्यारे स्वतःच्या कमाईतून घेतात. त्यांच्या पेटीतील गंज हा त्यांच्या मजुरीतूनच कापला जातो.

गंज म्हणजे काय?

लोखंड, पाणी आणि हवेतील प्राणवायू या तिहींच्या संयोगाने गंज उत्पन्न होतो. पाऊस प्रत्यक्ष अंगावर पडण्याची आवश्यकता नाही. हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ६० टक्क्यांच्या वर गेली की मळ, धूळ वा क्षार बसलेल्या लोखंडावर ओलाव्याचा अदृश्य थर धरतो आणि क्रिया वेगाने सुरू होते. मीठ हे काम अधिकच जलद करते; म्हणून गोव्याच्या किनाऱ्यावर हत्यार लवकर बिघडते. घामातही मीठ असल्यामुळे हाताचा ठसा जेथे उमटला तेथेच पुढे तांबूस डाग उठतो. गंजाचा थर सच्छिद्र असल्याने तो आतील धातूचे रक्षण करीत नाही. उलट ओलावा धरून ठेवतो.

वंगण आणि गंजरोधक यांतील भेद

घर्षण कमी करणे हे वंगणाचे कार्य; ओलावा व हवा धातूपासून दूर ठेवणे हे गंजरोधकाचे. एकच पदार्थ दोन्ही कामे करील, परंतु सारख्याच योग्यतेने करील असे नाही. साध्या खनिज तेलाचा पातळ थर निथळून जातो व त्यातून ओलावा हळूहळू झिरपतो. म्हणून चांगल्या गंजरोधक तेलात सल्फोनेटासारखी द्रव्ये मिसळतात. त्यांच्या रेणूंचे एक टोक धातूस घट्ट चिकटते आणि दुसरे तेलात राहते. मेणयुक्त द्रव्याचा थर अधिक टिकतो, पण तो फिरत्या भागास उपयोगी नाही.

सर्वांच्या परिचयाचा डब्ल्यूडी-४० हा फवारा १९५३ साली अमेरिकेत सॅन दिएगो येथे तयार झाला. अॅटलस क्षेपणास्त्राचे बाह्य कवच गंजापासून राखण्यासाठी तो प्रथम वापरला गेला. त्याच्या नावातील अक्षरे पाणी हटविण्याच्या गुणाची, आणि ४० हा आकडा चाळिसाव्या प्रयत्नाचा निदर्शक आहे. करणाऱ्याने जेथे चाळीस वेळा परीक्षा घेतली, तेथे घेणाऱ्याने एकदा तरी घेण्यास काय हरकत?

कसोटीची रीत

एकाच सळईपट्टीतून सारख्या लांबीचे तुकडे कापावेत. एमरी कागदाने ते सारखे उजळावेत, स्पिरिटने पुसून त्यांवरील तेलकटपणा काढावा आणि नंतर उघड्या बोटांनी शिवू नयेत. प्रत्येक द्रव्यासाठी दोन तुकडे असावेत. एकाच तुकड्याच्या साक्षीवर निकाल देऊ नये. दोन तुकडे काहीही न लावता ठेवावेत. हे कोरे तुकडे नसतील तर 'गंज आला नाही' याचे श्रेय तेलाचे की कोरड्या हवेचे, हे ठरविता येत नाही. नेहमीच्या वापरातील तेलाचीही एक जोडी असावी, म्हणजे नव्या तेलास अधिक पैसे देणे परवडते की नाही हे कळते.

तुकड्यांवर क्रमांक ठोकावेत, द्रव्य सारख्या रीतीने लावावे आणि एक दिवस टांगून निथळू द्यावे. नंतर परीक्षा दोन प्रकारे करावी. पहिली जलद परीक्षा मिठाच्या पाण्याची : ९५० ग्रॅम पाण्यात ५० ग्रॅम मीठ विरघळवून रोज एक वेळ सारखा फवारा द्यावा. कारखानदारीत १९३९ पासून प्रचलित असलेल्या मीठ-फवारा परीक्षेतही पाच टक्क्यांचेच द्रावण असते. मात्र या परीक्षेतील दिवसांवरून प्रत्यक्षातील महिने मोजता येत नाहीत. तिने केवळ तुलना होते. दुसरी संथ परीक्षा आपल्याच जागेची : दुसरा संच यंत्रशाळेच्या ओलसर भिंतीलगत, पावसाच्या झडीपासून दूर, संपूर्ण पावसाळाभर टांगून ठेवावा.

निकाल कसा वाचावा?

पारदर्शक कागदावर १०० चौकोन आखून तो तुकड्यावर धरावा आणि डागाळलेले चौकोन मोजून वहीत तारीखवार लिहावेत. कडांवर थर पातळ बसतो, म्हणून कडेचा भाग गणतीत धरू नये. आमच्या बेळगावच्या पावसाळ्यात ही रीत अवलंबिली असता मिठाच्या फवाऱ्याखालील कोरी पट्टी दुसऱ्याच दिवशी तांबूस झाली. पातळ फवाऱ्याची पट्टी आरंभी स्वच्छ राहून पुढे डागाळली. गोडेतेलाची पट्टी चिकट झाली व तिच्यावर धूळ बसली. मेणयुक्त थराची पट्टी सर्वांत अधिक काळ टिकली, पण ती पुसून कामास घेण्यास वेळ लागला.

याचा व्यावहारिक अर्थ असा की, सर्व कामांस एकच डबा शोधू नये. रोज हाती येणारे हत्यार संध्याकाळी कोरड्या फडक्याने पुसून त्यास पातळ गंजरोधक तेलाचा हात द्यावा. वापराने तो थर निघून जातो, म्हणून हे काम नित्याचेच आहे. हंगामापुरते लागणारे सुटे भाग मात्र मेणयुक्त थर देऊन गुंडाळून ठेवावेत. मापाच्या हत्यारास चिकट होणारे काहीही लावू नये.

आपल्या धंद्यासाठी विशेष दक्षता

गंज न येणे एवढीच कसोटी धान्याच्या व्यापाऱ्यास पुरत नाही. जेथे वंगणाचा धान्याशी चुकूनही संबंध येण्याचा संभव आहे, तेथे अन्नयंत्रांसाठी मान्य असलेले 'एच-१' वर्गाचेच वंगण घ्यावे. तेलाचे हात पुसलेले गोणपाट पुन्हा धान्यास वापरू नये. इंजिनातून काढलेले काळे तेल फुकट मिळते म्हणून हत्यारांस लावण्याची प्रथा सोडावी. त्यात आम्लांश असतो आणि कातडीस सतत लागल्यास ते घातक आहे. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या ढीग करून ठेवल्यास त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. वखारीत याहून मोठा धोका कोणता? त्या पसरून वाळवाव्यात अथवा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात ठेवाव्यात.

काही गंजरोधकांत प्राणिज चरबी असते. आपल्या कुटुंबांत ती वर्ज्य असल्याने विक्रेत्यास घटक विचारून घेण्यात संकोच मानू नये. खनिज तेल व खनिज मेण यांपासून केलेली उत्तम द्रव्ये बाजारात उपलब्ध आहेत.

या सर्व परीक्षेचा खर्च म्हणजे हातभर पट्टी, मूठभर मीठ आणि वहीची चार पाने. हायस्कुलात जाणाऱ्या मुलामुलींकडे ही वही सोपविल्यास त्यांना निरीक्षणाची आणि नोंदीची सवय लागेल. हैदराबादची कोरडी हवा आणि खानापूरचा पाऊस यांत एकाच तेलाचा निकाल सारखा येणार नाही. म्हणून प्रत्येक सभासदाने आपल्या गावची पट्टी आपणच टांगावी, आणि तिने दिलेल्या साक्षीवरूनच पुढील डब्याचा सौदा करावा.