वाटेवरच्या मालाची राखण

माल शेतात असतो, तोवर तो आपल्या डोळ्यांपुढे असतो. रात्री माळ्यावर बसून त्याची राखण करता येते. पण गाडी एकदा रस्त्याला लागली, की दृष्टीआड सृष्टी! पुढे माल उन्हात किती वेळ उभा राहिला? वाटेत दार कोणी उघडले का? आपल्याला काय कळणार?

आता वाटेवरच्या मालाचीही राखण करणारी यंत्रे निघाली आहेत. ती काय करतात, आणि शेतकऱ्याला त्यांचा उपयोग काय, ते या धड्यात पाहू. उदाहरण घेऊ नाशिकच्या द्राक्षांचे.

द्राक्षांचा लांबचा प्रवास

निफाड, दिंडोरी या तालुक्यांतली द्राक्षे परदेशी जातात. घड तोडतात, निवडतात, गार करतात आणि पेट्यांत भरतात. पेट्या थंड कंटेनरमध्ये रचतात. कंटेनर म्हणजे लोखंडी खोलीच म्हणा ना! हा कंटेनर ट्रेलरवर चढतो आणि रायगड जिल्ह्यातल्या न्हावा शेवा बंदराला जातो. तिथून जहाजाने हॉलंडमधल्या रॉटरडॅम बंदरात पोचतो. सुएझ कालव्याच्या वाटेने गेले, तरी तीन-चार आठवडे लागतात. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू झाले. म्हणून २०२४ च्या हंगामात पुष्कळ जहाजे आफ्रिकेला वळसा घालून गेली. प्रवास आणखी दहा-चौदा दिवसांनी लांबला.

घड तोडला, तरी मणी जिवंत असतो. तो श्वास घेतो. ऊब लागली, की देठ सुकतो, मणी मऊ पडतो, बुरशी धरते. म्हणून द्राक्षे शून्य अंशाच्या आसपास ठेवावी लागतात. फार खाली गेले, तरी नुकसानच, मणी गोठतात.

जहाजावर कंटेनरला वीज मिळते. रस्त्यावर त्याला डिझेलवर चालणारा जनरेटर जोडतात. समजा, वाटेत डिझेल संपले. आतला गारवा जाऊ लागतो. पण दार तर बंद! बाहेरून कोणाला काही दिसत नाही.

सेन्सर म्हणजे काय?

नर्सबाई ताप मोजतात, ते थर्मामीटर तुम्ही पाहिले आहे. कपाळाला हात लावून आपण म्हणतो, "अंग कोमट लागतंय." थर्मामीटर आकडा सांगते. सेन्सर हेही असेच मोजणारे लहानसे यंत्र आहे. एक सेन्सर हवेची उष्णता मोजतो, दुसरा ओलावा मोजतो. अंधाऱ्या कंटेनरमध्ये उजेड आला, की दार उघडले हे तिसऱ्याला समजते. जीपीएस नावाचे यंत्र आकाशातल्या उपग्रहांच्या मदतीने जागा ठरवते.

हे आकडे वेळेसह आपोआप नोंदले जातात. मोबाइलसारखे सिमकार्ड यंत्रात असते. त्यातून ते दूरच्या कचेरीत पोचतात. भर समुद्रात जहाजावरून ते उपग्रहामार्फत जातात. आकडा हद्दीबाहेर गेला, की कचेरीत इशारा येतो. मग तिथला माणूस ड्रायव्हरला फोन करू शकतो, "बाबा, जनरेटर बघ!" मर्स्क या डेन्मार्कच्या जहाज कंपनीने २०१७ साली आपल्या थंड कंटेनरांची अशी माहिती गिऱ्हाइकांना पाहता येईल, अशी सोय केली.

आणखी एक सोय न्हावा शेवा बंदरात जुलै २०१६ मध्ये सुरू झाली. तिचे नाव लॉजिस्टिक्स डेटा बँक. यात कंटेनरवर एक पट्टी लावतात. मोटारीच्या काचेवर फास्टॅग असतो ना, त्याच जातीची. बंदराच्या फाटकावर आणि टोलनाक्यावर ती वाचली जाते. कंटेनर कुठे पोचला, ते कळते. पण आतला माल गार आहे की नाही, हे ती पट्टी सांगत नाही. ते काम सेन्सरचे.

नोंद वाचून पाहू

एका कंटेनरची नोंद अशी आहे असे समजा:

सकाळी ६ वाजता: ० अंश
सकाळी ८ वाजता: ० अंश
सकाळी १० वाजता: ३ अंश
दुपारी १२ वाजता: ६ अंश
दुपारी २ वाजता: २ अंश

काय दिसते? आठ वाजेपर्यंत सारे ठीक होते. आठ ते दहाच्या दरम्यान थंडावा बिघडला. बारा ते दोनच्या दरम्यान तो पुन्हा सुरू झाला. त्या वेळी गाडी कसारा घाटाजवळ उभी होती, असे जीपीएसने सांगितले, तर पॅकहाउसलाही बोल लावता येत नाही आणि जहाजालाही नाही.

ही गोष्ट लहान नाही. बागेतच भाव ठरून रोख पैसे हाती आले, तर पुढची जोखीम व्यापाऱ्याची. पण "तिकडे विकल्यावर हिशेब करू" असा करार असेल, तर? महिन्याने निरोप येतो, "माल खराब निघाला, पैसे कापले." वर्षाची मेहनत एका वाक्यात जाते. अशा वेळी रागावून काय होणार? "नोंद दाखवा," असे म्हणता आले पाहिजे.

यंत्राला काय कळत नाही?

सेन्सर माल गार करीत नाही. तो फक्त सांगतो. इशारा आला आणि कोणी पाहिलाच नाही, तर माल जायचा तो जातोच. शिवाय सेन्सर बहुधा हवा मोजतो. द्राक्षे गरम असतानाच भरली, तर हवा गार दिसेल, पण पेटीच्या आतले मणी ऊबच धरून राहतील. थंड कंटेनर गारवा टिकवण्यासाठी असतो. गरम माल झटपट गार करण्यासाठी नसतो. म्हणून भरण्याआधी मण्याची उष्णता मोजून लिहून ठेवावी. बागेत शिरलेला रोग आणि फवारणीच्या औषधाचा अंश, हेही हा सेन्सर ओळखत नाही.

हे लक्षात ठेवा

१. कंटेनरचा नंबर मागून घ्या. त्यात चार इंग्रजी अक्षरे आणि सात आकडे असतात. वहीत लिहा. एक आकडा चुकला, तर माल सापडणार नाही.
२. उष्णतेची नोंद मिळेल ना, हे माल देण्याआधी विचारा आणि करारात लिहून घ्या. माल गेल्यावर विचारणे म्हणजे वरातीमागून घोडे.
३. माल भरल्याची तारीख, वेळ आणि मण्याची उष्णता लिहून त्यावर सही घ्या.

यंत्र साक्ष लिहून ठेवते. पण लिहिलेली साक्ष ज्याला वाचता येते, त्याच्याच ती उपयोगी पडते. आता तुम्हाला अक्षरे येतात, आकडे येतात. ती साक्ष तुम्ही स्वतः वाचा.

प्रश्न

१. फाटकावर वाचली जाणारी पट्टी आणि सेन्सर यांत फरक काय?
२. वरच्या नोंदीत सर्वांत जास्त उष्णता किती वाजता होती?
३. तुमच्या गावाहून कोणता नाशवंत माल बाहेर जातो? वाटेत तो कशाने बिघडतो, ते चार ओळींत लिहा.