टाकी बदलताना चूल विझवा

दिवाळी सरली की बीड जिल्ह्यात एक ओळखीचे दृश्य दिसू लागते. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतून ऊसतोडीला निघालेल्या मंडळींच्या गाड्या रस्त्याला लागतात. आईवडील कारखान्याच्या वाटेने जातात. शाळकरी मुले पुष्कळदा आजी-आजोबांजवळ गावीच राहतात. मग एखाद्या सकाळी चहाचे आधण ठेवले असताना शेगडीची ज्योत बारीक होत होत विझते. टाकी संपली! भरलेली टाकी कोपऱ्यात उभी आहे, पण तिच्यावरची अक्षरे आजीला दिसत नाहीत. तीन हातांवर चूल पेटलेली आहे आणि तिच्यावर आंघोळीचे पाणी तापते आहे.

या घरात आता टाकी बदलायची आहे. धोका कोठे आहे, सांगा पाहू! तुम्ही टाकीकडे बोट दाखवाल. पण धोका टाकीइतकाच त्या चुलीतही आहे. तो कसा, ते आज पाहू.

टाकीत असते तरी काय?

घरगुती टाकीत १४.२ किलोग्रॅम इंधन असते. ते मुख्यतः प्रोपेन आणि ब्यूटेन या दोन वायूंचे मिश्रण होय. दाब दिला की हे वायू नेहमीच्या तापमानालाच द्रवरूप होतात. टाकी हलविली की आत डुचमळते ते हेच द्रव. टाकी काठोकाठ कधीच भरत नाहीत; वर वाफेसाठी जागा ठेवतात. उन्हाळ्यात बीडचा पारा चाळिशीपलीकडे जातो, तेव्हा द्रव फुगते आणि वाफेचा दाबही वाढतो. म्हणून टाकी उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नये.

शेगडीकडे जाते ती वरची वाफ. टाकीतला दाब हवेच्या दाबाच्या कित्येक पट असतो. रेग्युलेटर तो एवढा कमी करतो की, त्याने पाण्याचा जेमतेम ३० सेंटीमीटर उंचीचा स्तंभ तोलला जाईल. आता टाकी आडवी केली तर काय होईल? वाफेऐवजी द्रवच बाहेर येईल. हे द्रव बाहेर पडताच सुमारे २५० पट जागा व्यापते आणि ज्योत एकदम भडकते. ‘तळाशी थोडा गॅस उरला आहे’ म्हणून टाकी आडवी करणारे किंवा ती गरम पाण्यात ठेवणारे लोक किती मोठी जोखीम घेतात, हे यावरून ध्यानात येईल.

हा वायू कोठे जातो?

चुलीचा धूर वर जातो, कारण तो तापलेला आणि म्हणून हलका असतो. त्यामुळे ‘वायू म्हणजे वर जाणारा’ अशी आपली समजूत होते. पण टाकीतला वायू हवेच्या दीड ते दोन पट जड असतो. तो गळू लागला की वर न जाता खाली उतरतो आणि सांडलेल्या पाण्याप्रमाणे जमिनीवरून पसरतो. जड वायू कसा वागतो हे पाहण्यासाठी एक सोपा प्रयोग करा. तो घरातल्या मोठ्या माणसासमोरच करावा.

एक खोल पातेले घ्या. त्यात आखूड, मध्यम आणि लांब अशा तीन मेणबत्त्या उभ्या करा. तिन्हींची टोके पातेल्याच्या काठाखाली राहू द्या. तळाशी दोन चमचे खाण्याचा सोडा पसरा आणि मेणबत्त्या पेटवा. आता कडेने, ज्योतींना न लागेल असा, अर्धी वाटी लिंबाचा रस ओता. फसफसून कार्बन डायऑक्साइड वायू तयार होईल. थोड्याच वेळात आधी आखूड, मग मध्यम आणि शेवटी लांब मेणबत्ती विझेल. कार्बन डायऑक्साइड हवेच्या सुमारे दीडपट जड असल्याने पातेले तळापासून वर भरत जाते.

टाकीतला वायूही असाच तळापासून साचतो. फरक एवढाच की, कार्बन डायऑक्साइड ज्योत विझवितो आणि हा वायू ज्योतीला भेटला की पेट घेतो. तुमचे स्वयंपाकघर हेच मोठे पातेले समजा. उंच उंबरठा हा त्याचा काठ. आणि चूल? ती तर जमिनीलगत, म्हणजे सर्वांत आखूड मेणबत्तीच्या जागी!

थोडे गणित

हवेत हा वायू साधारण २ ते ९ टक्के मिसळला की ते मिश्रण ठिणगीने पेटते. समजा, खोली ३ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच आहे. तिचे घनफळ २७ घनमीटर. त्याचे २ टक्के म्हणजे ०.५४ घनमीटर. एक घनमीटर वायूचे वजन सुमारे २.१ किलोग्रॅम धरले, तर सगळी खोली पेटण्याजोगी व्हायला सुमारे १.१ किलोग्रॅम वायू लागेल.

पण वायू सगळ्या खोलीत लगेच सारखा पसरत नाही. तो फक्त जमिनीलगतच्या ३० सेंटीमीटर थरात साचला असे धरा. त्या थराचे घनफळ २.७ घनमीटर, त्याचे २ टक्के म्हणजे ०.०५४ घनमीटर. त्याचे वजन किती? जेमतेम ११३ ग्रॅम! भरलेल्या टाकीतला सव्वाशेवा भागसुद्धा नाही. आणि चुलीचे तोंड नेमके याच थरात असते.

१ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथे उज्ज्वला योजना सुरू झाली आणि देशभर खेड्यापाड्यांतल्या कोट्यवधी घरांत टाकी पोहोचली. पण चूल काही गेली नाही. चहा गॅसवर आणि भाकरी चुलीवर, अशी पुष्कळ घरांची रीत आहे. त्यामुळे जमिनीवरची चूल आणि जमिनीवर उतरणारा वायू ही जोडी एकाच खोलीत नांदते.

वास कोठून आला?

या वायूला स्वतःचा असा वास जवळजवळ नसतो. आपल्याला येणारा सडक्या कोबीसारखा उग्र दर्प इथाइल मरकॅप्टन या गंधकयुक्त पदार्थाचा असतो. गळती कळावी म्हणून तो मुद्दाम मिसळतात. या खबरदारीमागे एक दुःखद कथा आहे. १८ मार्च १९३७ रोजी अमेरिकेतील टेक्सास राज्यात न्यू लंडन या गावच्या शाळेत स्फोट झाला. तिथला वायू वेगळा, म्हणजे नैसर्गिक वायू होता. पण त्याला वास नव्हता. तो इमारतीच्या तळाशी साचत गेला आणि कोणाला कळले नाही. एका विजेच्या यंत्राची ठिणगी निमित्त झाली आणि सुमारे तीनशे विद्यार्थी व शिक्षक मरण पावले. त्यानंतर लवकरच त्या राज्याने वायूत वास मिसळणे सक्तीचे केले.

मात्र केवळ नाकावर विसंबू नका. वयोमानाने आणि पडशाने वास कमी येतो. एकच वास बराच वेळ आला की नाकाला त्याची सवय होते. आजीला वास येत नाही, म्हणजे गळती नाही, असे नव्हे.

टाकी बदलण्याची रीत

हे काम मोठ्या माणसाने करावे. तुम्ही वाचायचे, पाहायचे आणि क्रम चुकू द्यायचा नाही. घरात हे जाणणारे कोणी नसेल, तर टाकी पोहोचविणाऱ्याकडूनच ती जोडून घ्यावी.

१. टाकीच्या वरच्या कड्याला जोडलेल्या उभ्या पट्ट्यांपैकी एकीच्या आतील बाजूस एक इंग्रजी अक्षर आणि दोन आकडे असतात. ए म्हणजे मार्चअखेर, बी जूनअखेर, सी सप्टेंबरअखेर आणि डी डिसेंबरअखेर. ‘बी २८’ असेल, तर त्या टाकीची पुढची चाचणी जून २०२८ अखेर करायची आहे. मुदत उलटलेली टाकी घेऊ नये.

२. घरातली प्रत्येक ज्योत विझवा: चूल, देवापुढचे निरांजन, उदबत्ती, आजोबांची विडीसुद्धा. राखेखाली निखारा धगधगत असतो. म्हणून चुलीवर पाणी शिंपडा आणि ती गार होऊ द्या.

३. दार सताड उघडा. जमिनीवरचा वायू उंचावरच्या खिडकीतून जात नाही. त्याची वाट दारातूनच आहे.

४. शेगडीच्या चाव्या आणि रेग्युलेटर बंद करा. रेग्युलेटरच्या बुडाचे कडे वर उचलून तो काढा आणि जुन्या टाकीला टोपण बसवा. ‘रिकाम्या’ टाकीतही थोडा वायू उरतोच.

५. नव्या टाकीचे सील शाबूत आहे ना, ते पाहा. टोपण काढून तोंडात काळे रबरी वायसर आहे याची खात्री करा. दोन-चार थेंब पाणी टाका. बुडबुडे आले तर टोपण परत बसवून टाकी उघड्यावर न्या आणि विक्रेत्याला कळवा. बुडबुडे नसतील तर पाणी पुसून घ्या.

६. कडे वर धरून रेग्युलेटर सरळ खाली दाबा आणि कडे सोडा. तो पक्का बसला पाहिजे, हलवून पाहा.

७. शेगडीच्या चाव्या बंदच ठेवून रेग्युलेटर सुरू करा. जोडावर आणि नळीच्या दोन्ही टोकांना साबणाचा फेस लावा. फुगे वाढू लागले तर गळती आहे. काडी ओढून गळती शोधणे म्हणजे स्वतःच्या हाताने आग लावणे होय!

८. सर्व ठीक असेल तरच शेगडी पेटवा. चूल त्यानंतर.

नळीकडेही लक्ष असू द्या. तारेच्या जाळीची नारिंगी नळी वापरावी आणि पाच वर्षांनी, किंवा चिरा दिसताच त्याआधीही, बदलावी. टाकी नेहमी उभी आणि शेगडीपेक्षा खालच्या पातळीवर असावी.

वास आलाच तर

काडी ओढू नका. दिवा लावू नका आणि लावलेला मालवूही नका. दोन्ही वेळा बटणात बारीक ठिणगी उडते. पंखाही सुरू करू नका. शक्य असेल तर रेग्युलेटर बंद करा, दार उघडा आणि आजी-आजोबांना घेऊन बाहेर पडा. वायू जोराने सुटत असेल, तर काही आवरत न बसता आधी बाहेर पडा. अंगणात दूर गेल्यावर १९०६ हा क्रमांक फिरवा. तो गॅसगळतीसाठी रात्रंदिवस सुरू असतो.

मित्रांनो, आज घरी गेल्यावर तीन गोष्टी करा. टाकीवरचे अक्षर आणि आकडे वाचून वहीत टिपून ठेवा. नळी किती वर्षांची आहे ते विचारा. आणि टाकीपासून चुलीपर्यंतचे अंतर पावलांनी मोजा. मग आजीला तो तीन मेणबत्त्यांचा प्रयोग करून दाखवा. आखूड मेणबत्ती आधी का विझली, हे तिला समजले की पुढच्या वेळी टाकी बदलताना चूल विझवायची आठवण तीच तुम्हाला करून देईल.