गाईच्या गर्भाशयविकारांचे निदान

नव्या राजधानीभोवतीची जमीन शेतीखालीच राहावी, म्हणून १९५२ साली पंजाबात परिघ-नियंत्रणाचा कायदा झाला. चंदीगड शहर त्यानंतर पुष्कळ पसरले. तथापि त्याच्या आसपास, पंजाब व हरियाणाच्या खेड्यांतून, दोन-चार दुभत्या जनावरांवर प्रपंच चालविणारी कुटुंबे आजही आहेत. अशा घरची गाय व्याल्यावर वेळेवर पुन्हा गाभण राहिली नाही, तर घराचा हिशेबच कोलमडतो. माज साधारणतः २१ दिवसांनी येतो. तो एकदा वाया गेला, की तीन आठवड्यांची वैरण अंगावर पडते. तीन-चार वेळा गाय उलटली, की ती विकण्याच्या गोष्टी सुरू होतात. वस्तुतः तिचा विकार पुष्कळदा बरा होण्याजोगा असतो.

व्याल्यानंतर गर्भाशयात जंतू शिरणे ही नित्याची गोष्ट होय. विण्याच्या वेळी सुमारे ९ किलो वजनाचे असलेले गर्भाशय महिनाभरात १ किलोच्या आसपास येते आणि त्याबरोबर बहुतेक गाई जंतूंचा निरास स्वतःच करतात. म्हणून पहिल्या दोन आठवड्यांतील तांबूस, दुर्गंधी नसलेल्या स्रावाने घाबरून जाऊ नये. स्राव पातळ व दुर्गंधीयुक्त असेल, अंगात ताप असेल, दूध आटले असेल, तर मात्र तो तीव्र गर्भाशयदाह समजावा. वार अडकलेल्या गाईत तो विशेष संभवतो. तीन आठवड्यांनंतरही पू येत राहिल्यास गर्भाशयाच्या अंतस्त्वचेला सूज आहे, असे मानतात.

पू नेहमी शेपटीखाली दिसतोच असे नाही. तो योनीच्या तळाशी साचतो. तेथपर्यंत तपासल्यावाचून गाय निरोगी म्हणणे हे निदान नव्हे, अंदाज होय. कधी गर्भाशयाचे तोंड मिटून पू आतच कोंडतो. मग गाय माजावर येत नाही, पोट जड वाटते, आणि मालक ती गाभण आहे अशा समजुतीत महिने घालवितो. उलट, खरोखर गाभण असलेली एखादी गायही माज दाखविते. तिच्या गर्भाशयात औषधाची नळी घातली तर गर्भपात ओढवतो. यास्तव गुदमार्गे हाताने, अथवा सोय असल्यास ध्वनिलहरींच्या यंत्राने, आधी खात्री करून घेतली पाहिजे.

सर्वांत फसवा तो छुपा दाह. सोट काचेसारखा स्वच्छ, माज नियमित, तरीही गाय उलटतेच. अशा वेळी माजातील सोटात सोडियम हायड्रॉक्साइडचे सौम्य द्रावण मिसळून उकळतात. मिश्रण पिवळे झाल्यास त्यात पांढऱ्या पेशी वाढल्या आहेत, असा संशय घेता येतो. खेड्यातील दवाखान्यातही करता येण्याजोगी ही परीक्षा आहे. प्रयोगशाळेत याच पेशी सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात.

सहाव्या-सातव्या महिन्यानंतर गाय गाभडली, तर सांसर्गिक गर्भपाताची शंका घेऊन रक्त तपासावे. हा रोग माणसालाही होतो; पडलेली वार उघड्या हातांनी उचलू नये, खोल पुरावी. कालवडींना त्याची लस ४ ते ८ महिन्यांच्या वयात देतात.