सेल्युलोजावरील कलम व पाणी धरणारी भुकटी

कलम म्हणजे काय, हे जामसंडे, देवगड, गिर्ये या बाजूच्या बागायतदारांस सांगावयास नको. रायवळ रोपाच्या खुंटावर हापुसाची काडी बसविली म्हणजे मूळ रायवळाचे राहते आणि फळ हापुसाचे येते. रसायनशास्त्रज्ञांनीही आपल्या एका कृतीस हेच नाव दिले आहे. त्यांचा खुंट म्हणजे कापूस, लाकूड, पेंढा यांतील सेल्युलोज. आणि काडी म्हणजे कारखान्यात तयार होणारे कृत्रिम द्रव्य. या कलमापासून निघालेली, पाणी शोषून धरणारी एक भुकटी हल्ली खते-औषधांच्या व्यापारात आली आहे. सड्यावर, कातळ फोडून लावलेल्या नव्या कलमांस ती घातली तर उन्हाळ्यातील शिंपण वाचेल काय, असा प्रश्न साहजिकच उत्पन्न होतो. पैसे मोडण्यापूर्वी ही वस्तू मुळात काय आहे हे समजून घेणे बरे.

तांदूळ शिजविला म्हणजे त्याची पेज होते. पेंढा कितीही शिजविला तरी त्याची पेज होत नाही. आणि नवल हे की, तांदळातील पिष्ट व पेंढ्यातील सेल्युलोज ही दोन्ही एकाच ग्लुकोज नामक साखरेचे दुवे जोडून झालेली आहेत. भेद केवळ दुवे जोडण्याच्या रीतीत आहे. पिष्टाची साखळी नागमोडी व सैल, तर सेल्युलोजाची सरळ. अशा सरळ साखळ्या शेजारी शेजारी घट्ट बिलगून बसतात, म्हणून पाणी त्यांच्यामध्ये शिरून त्यांस विरघळवू शकत नाही. कापसाच्या तंतूत ह्या सेल्युलोजाचा अंश शेकडा ९० च्या वर, लाकडात सुमारे ४० ते ५० असतो. तथापि सेल्युलोजाच्या प्रत्येक दुव्यावर पाण्याशी सख्य राखणाऱ्या तीन जागा असतात. रसायनशास्त्रज्ञाचे कलम या जागांच्या आसपास बांधले जाते.

ते बांधण्याची रीत मात्र आपल्या भेटकलमाहून किंवा कोयकलमाहून वेगळी आहे. आपण तयार काडी आणून खुंटावर बांधतो. येथे बहुधा खुंटास केवळ जखम करितात आणि काडी त्या जखमेतूनच वाढवितात. सेरियम या धातूचा क्षार सेल्युलोजावर सोडला असता, किंवा कोबाल्ट-६० चे किरण त्यावर पाडले असता, साखळीवर ठिकठिकाणी अतृप्त जागा उत्पन्न होतात. जवळ अॅक्रिलिक अॅसिड, अॅक्रिलामाइड अथवा अॅक्रिलोनायट्राइल यांपैकी एखादे द्रव्य ठेवले म्हणजे त्याचा एक कण त्या जागेस चिकटतो, त्यास दुसरा, त्यास तिसरा; आणि पाहता पाहता मूळ साखळीस लांब कृत्रिम फांद्या फुटतात. अशा लांब साखळीस पॉलिमर म्हणतात. सेरियमची ही रीत १९५८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली व तेव्हापासून ती जगभर चालू आहे. या कामातही एक बांडगूळ आहेच: द्रव्याचा काही भाग खुंटास न चिकटता आपसांतच जोडला जाऊन वेगळा वाढतो. तो धुऊन काढावा लागतो. न काढल्यास माल हलका ठरतो.

फांद्या अॅक्रिलिक जातीच्या असल्या व त्यांस सोडा किंवा पोटॅश पाजला, म्हणजे त्यांवर एकाच प्रकारचा विद्युद्भार येतो. असे भार एकमेकांस दूर लोटतात, साखळ्या पसरतात व मध्ये पाणी ओढले जाते. जाळ्याच्या गाठींप्रमाणे साखळ्यांस मधून मधून आडवे बंध घातलेले असल्याने सगळे विरघळून जात नाही; फुगलेला मऊ गोळा तयार होतो. दाबल्याने त्यातील पाणी सहसा सुटत नाही, मुळे मात्र ते हळूहळू शोषून घेतात.

प्रथम हे कलम पिष्टावर झाले. अमेरिकेच्या शेतकी खात्याच्या पिओरिया येथील प्रयोगशाळेने १९७० नंतरच्या दशकात मक्याच्या पिष्टापासून अशी भुकटी केली. आपल्याकडे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने १९८० नंतरच्या दशकात पिष्टाचीच ‘जलशक्ती’ पुढे आणिली. पिष्ट जमिनीत लवकर कुजते, ही त्या मालाची उणीव. पुढे दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेने सेल्युलोजाचा खुंट घेऊन ‘पुसा हायड्रोजेल’ तयार केले, व २०१२ च्या सुमारास ते व्यापारात आले. शुद्ध पाण्यात ते आपल्या वजनाच्या निदान ३५० पट पाणी धरते असे सांगतात. प्रमाण हेक्टरी २.५ ते ५ किलो.

आता हिशेब करू. अडीच किलोस ३५० ने गुणिले तर ८७५ लिटर होतात. आकडा मोठा वाटतो. परंतु हेक्टरभर पसरला तर पाण्याचा थर मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाहूनही पातळ! सर्वत्र फेकण्यात आमच्या मते अर्थ नाही. मुळाशी एका जागी घातली तरच विचार करण्याजोगी गोष्ट आहे. दहा मीटर अंतराने हेक्टरी १०० आंबे धरिले तर प्रत्येक खड्ड्यास २५ ग्रॅम येते, व त्यात पावणेनऊ लिटर पाणी मावावे.

मावावे, पण मावत नाही. साखळ्यांस दूर लोटणारा जो भार, तो क्षारांनी मंदावतो. चुन्याचा अंश असलेल्या पाण्यात तर बंध आवळले जातात. खारट पाण्यात अशा भुकट्यांची शोषणशक्ती तीस ते साठ पटींवर उतरते. खाडीकाठच्या विहिरींचे पाणी वैशाखात कसे मचूळ होते, हे आपण जाणतोच. पन्नास पट धरिली तर २५ ग्रॅम भुकटीत सव्वा लिटर पाणी राहील. खताचे द्रावणही हाच परिणाम करिते. सबब भुकटी व रासायनिक खत एकत्र कालवू नये.

याउलट नारळाच्या सोडणांचा भुसा घ्या. काथ्या काढताना तो उरतो, आणि आपल्या वजनाच्या सातआठ पट पाणी धरतो. त्यात कसलेही कलम नाही. त्याच्या पोकळ्यांतच पाणी राहते. दोन किलो भुशात चौदा लिटर! दोहोंतीलही सर्व पाणी मुळांस मिळत नाही, हे खरे. पण खड्ड्याच्या कामी भुसाच सरस, असे आमचे स्पष्ट मत आहे. मात्र तो गोड्या पाण्याने धुऊन, शेणखताबरोबर कुजवून मगच घालावा. कच्चा भुसा जमिनीतील नत्र ओढून घेतो. वर पालापाचोळ्याचे आच्छादन असावेच.

भुकटीचे खरे स्थान रोपवाटिकेत आहे. पिशवीतील मूठभर माती एका दिवसात वाळते. तेथे एकदोन ग्रॅम भुकटीने धरलेले शे-दीडशे मिलिलिटर पाणी रोप वाचवू शकते. रोपे दूर पाठविताना मुळे तिच्या गाळात बुडविणे हाही चांगला उपयोग होय. परंतु ती पाणी निर्माण करीत नाही. आमच्या बाजूस पावसाळ्यात सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, तरी आषाढात फुगलेला गोळा फाल्गुनापर्यंत टिकेल अशी आशा धरू नये. प्रत्येक शिंपणाबरोबर तो पुन्हा भरावा लागतो. दोन शिंपणांमधील अंतर काहीसे वाढते, इतकेच.

जमिनीत पुढे काय होते, हाही प्रश्न रास्त आहे. सेल्युलोजाचा खुंट सूक्ष्म जंतू खातात. कृत्रिम फांद्या फार सावकाश झिजतात. अॅक्रिलामाइड सुटे असता मज्जातंतूंस विषारी असते, साखळीत जोडले गेले म्हणजे तसे राहत नाही. म्हणून नीट धुतलेला, खात्रीचा माल घ्यावा व भुकटी नाकातोंडात जाऊ देऊ नये.

विकत घेण्यापूर्वी नमुना मागून घ्यावा. सोनाराच्या काट्यावर एक एक ग्रॅम तोलून, एक भाग अर्धा लिटर पावसाच्या पाण्यात व दुसरा आपल्या विहिरीच्या तितक्याच पाण्यात दोन तास ठेवावा. मग ओल्या पातळ फडक्यातून गाळून दोन्ही गोळे तोलावे. विहिरीच्या पाण्यातील गोळा जितके ग्रॅम भरेल त्यावरून आपल्या बागेचा हिशेब करावा, पुडक्यावरील आकड्यावरून नव्हे. आणि ही परीक्षा चैत्र-वैशाखात, विहीर तळास गेली असताना घ्यावी.